स्तागिरा नकाशावर दोनदा दिसतं, त्यातलं ॲरिस्टॉटलचं कोणतं?

ॲरिस्टॉटलचं जन्मगाव शोधताना नकाशावर दोन स्तागिरा सापडतात, एक डोंगरात आणि एक समुद्रकाठी. त्यातलं खरं कुठलं आणि ते वसवलं कोणी, असा प्रश्न आहे.

खरं ते समुद्रकाठचं. उत्तर ग्रीसमधल्या खाल्किदिकीच्या पूर्व किनाऱ्यावर, ओलिंपियादा गावाजवळच्या लियोतोपी नावाच्या छोट्या भूशिरावर. डोंगरातल्या स्तागिरा गावाला हे नाव आधुनिक काळात मिळालं. तिथे ॲरिस्टॉटलचा पुतळा आणि बाग आहे, त्यामुळे बरेच प्रवासी तिथूनच समाधानाने परततात. पण तिथले जुने अवशेष आहेत ते फार नंतरच्या काळातले, खाणींच्या वस्तीचे.

जागा ठरवायला जुने ग्रंथच पुरतात. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की इ.स.पू. 480 मध्ये पर्शियाचा राजा झर्क्सीस याचं सैन्य स्ट्रायमोन नदी ओलांडून आर्गिलोस, मग स्तागिरा आणि मग अकांथोस असं गेलं. अकांथोस म्हणजे आजचं येरिसोस. म्हणजे गाव या वाटेवरच हवं. भूगोलकार स्ट्रॅबो तर काप्रोस नावाचं बंदर आणि त्याच नावाचं बेट सांगतो, आणि ओलिंपियादाच्या समोर काफ्कानास हे बेट आजही आहे. डोंगरातल्या गावाला बंदर कुठून येणार?

वसवणारे मुख्यतः आंद्रोस बेटावरचे लोक, इ.स.पू. सातव्या शतकाच्या मध्याला. इतिहासकार थ्युसिडिडीस स्तागिराला स्पष्टपणे आंद्रोसची वसाहत म्हणतो. पण एव्हिया बेटावरच्या खाल्किस शहराचे लोकही त्यात असावेत, आणि हे मला महत्त्वाचं वाटतं. ॲरिस्टॉटलची आई फाइस्तिस खाल्किसहून आलेल्या वसाहतकारांच्या वंशातली मानली जाई. त्याच्या मृत्युपत्रात स्तागिरातल्या वडिलोपार्जित घराबरोबर खाल्किसच्या घराचाही उल्लेख येतो, आणि इ.स.पू. 322 मध्ये तो वारला तोही खाल्किसलाच.

गाव लहान, पण हट्टी. इ.स.पू. 424 मध्ये अथेन्सविरुद्ध उठलं, आणि दोन वर्षांनी अथेन्सचा सेनापती क्लेऑन याने हल्ला केला तेव्हा त्याच्या हाती लागलं नाही. पुढे मॅसिडोनियाचा राजा फिलिप दुसरा याने ते उद्ध्वस्त केलं. ॲरिस्टॉटलखातर ते पुन्हा वसवलं गेलं, असं चरित्रकार प्लुटार्क सांगतो. स्ट्रॅबोच्या काळापर्यंत, म्हणजे इसवी सनाच्या सुरुवातीपर्यंत, मात्र ते ओस पडलं होतं.

प्रत्यक्ष जाणार असाल तर थेस्सालोनिकीहून गाडीने निघताना ठिकाण म्हणून 'ओलिंपियादा' टाका, नुसतं 'स्तागिरा' नको. अवशेष दोन टेकड्यांवर पसरलेले आहेत. उत्तरेकडची वस्ती जुनी. दक्षिणेकडच्या टेकडीवर तटबंदी, बुरूज आणि वर बालेकिल्ला. चढ खडकाळ आहे, बूट घालून जा, पाणी जवळ ठेवा.

2016 मध्ये तिथल्या एका वास्तूला ॲरिस्टॉटलची समाधी म्हणून जाहीर केलं गेलं. त्यावर नाव कोरलेला एकही लेख नाही, आणि अभ्यासकांत एकमत नाही. पाटी वाचा, पण ठाम विधान करू नका.