मत तोंडापर्यंत येईपर्यंत

“मॅडम, मला स्वतःचं असं मतच नाही. एकाचं बोलणं ऐकलं की ते पटतं, दुसरा अगदी उलट बोलला की तेही पटतं.” शब्द थोडेफार बदलतात, पण ही तक्रार मी समुपदेशनाच्या कामात गेल्या बावीस वर्षांत इतक्या जणांकडून ऐकली आहे की, पहिले वाक्य कानावर पडताच पुढची मागणीही मला ठाऊक असते: माझ्यावर कोणाचा प्रभाव पडणार नाही, असे काहीतरी करा. तसे करणे शक्य नाही आणि माझ्या मते इष्टही नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते. भाषा, लाज, आवडीनिवडी, इतकेच काय, ‘मी अशी आहे’ ही समजूतसुद्धा आपल्याला माणसांकडूनच मिळते. माणूस इतरांच्या नजरेच्या आरशातच स्वतःला पाहतो, असे चार्ल्स कूली या समाजशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच मांडले होते.

हीच तक्रार घेऊन आलेल्या एका बाईंची हकिगत, ओळख पटेल असे तपशील बदलून, सांगते. वय चाळिशीच्या आसपास, नोकरी जबाबदारीची, नव्या उमेदवारांच्या मुलाखती घेणाऱ्या समितीत त्यांचा समावेश. एका उमेदवाराला त्यांनी मनोमन पहिला क्रमांक दिला होता. ज्येष्ठ सदस्य “याच्यात दम नाही” म्हणाले, इतर दोघांनी माना डोलावल्या आणि यांनीही डोलावली. “त्या क्षणी मला खरंच वाटलं, की दम नाहीये. घरी आल्यावर वाटलं, हे आपण काय केलं?” यावरून आपल्याला कणाच नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता.

मी त्यांना सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात केलेल्या प्रयोगांविषयी सांगितले. दाखवलेल्या रेषेइतकीच लांब रेषा तीन रेषांमधून ओळखायची, उत्तर डोळ्यांना सहज दिसणारे. मात्र आधी बोलणारे सगळे जण ठरवून एकच चुकीचे उत्तर देत. खऱ्या सहभागींपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी त्या चुकीच्या उत्तरामागे गेले. नंतर विचारल्यावर काही म्हणाले की, आपल्याच पाहण्यात चूक झाली असेल असे वाटले. काही म्हणाले की, बरोबर उत्तर दिसत होते, पण वेगळे पडायचे नव्हते. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. पहिल्याला माहिती हवी असते, दुसऱ्याला मान्यता. अनुभवी माणसाकडून माहिती घेऊन मत बदलणे हा शहाणपणा आहे. मान्यतेसाठी बदललेले मत मात्र घरी पोहोचेपर्यंत खुपू लागते. म्हणून मान डोलावण्याआधी ‘मला आत्ता यातले काय हवे आहे?’ एवढेच स्वतःला विचारावे, असे मी सांगते.

त्यांना मी एक साधे काम दिले. इतरांचे ऐकण्याआधी आपले मत वहीत तारीख घालून लिहायचे, आणि नंतर ते बदललेच तर कशामुळे बदलले, ते त्याखाली एका ओळीत नोंदवायचे. तीन आठवड्यांनी त्या वही घेऊन आल्या. “मॅडम, मत असतं मला. तोंडापर्यंत येईपर्यंत बदलतं.” मूळ तक्रारीपेक्षा ही तक्रार किती वेगळी आहे, हे वाचकांच्या लक्षात येईल.

येथे माझीही एक चूक सांगितली पाहिजे. त्यांचे “तुम्ही म्हणता ते अगदी पटतं, मॅडम” मी बरेच दिवस समाधानाने ऐकत होते. त्यांच्या आयुष्यातल्या ज्येष्ठ सदस्यांत आता माझीही भर पडली आहे, हे माझ्या उशिरा लक्षात आले. सल्ल्यापेक्षा ऐकून घेण्यावर भर देणाऱ्या कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाच्या विचाराकडे माझा कल पहिल्यापासून आहे, तरीही बोलण्याचा मोह सुटलेला नव्हता. त्यानंतर मी आधी त्यांना वही वाचायला लावू लागले आणि माझे म्हणणे अखेरीस, तेही विचारले तरच, सांगू लागले.

खरे वळण मात्र बाहेरून आले. एका बैठकीनंतर त्यांच्या हाताखालचा तरुण सहकारी त्यांना म्हणाला होता, “मला तो निर्णय पटला नव्हता, पण तुम्हीही मान डोलावलीत, म्हणून मी गप्प बसलो.” हे सांगून त्या बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिल्या. मीही काही बोलले नाही. अशा वेळी न बोलणे मला आता जमते. मग त्या हळूच म्हणाल्या, “म्हणजे माझ्यावर ज्या लोकांचं दडपण येतं, त्या लोकांत मीही आहे?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मी कोणालाही विचारला नव्हता, आणि तो मला सुचायला हवा होता. दडपण येणारा मी आणि दडपण आणणारे ते, अशीच विभागणी येणारा प्रत्येक जण मनात करून येतो आणि आपली हललेली मान दुसऱ्या कोणाच्या हिशोबात एक मत म्हणून धरली जाते, याचा त्याला पत्ता नसतो. अ‍ॅश यांच्याच प्रयोगांत आधी बोलणाऱ्यांपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिले, तरी चुकीच्या उत्तरामागे जाण्याचे प्रमाण आधीच्या सुमारे एक चतुर्थांशावर आले. त्या एकाने वाद घातला नव्हता, भाषण केले नव्हते. त्याला जे दिसले तेवढेच तो बोलला होता. मी हे सांगितल्यावर बाईंनी ते वहीत उतरवून घेतले.

हा लेख वाचणाऱ्यांपैकी ज्यांना हीच काळजी आहे, त्यांनी सर्वांना विरोध करण्याचा निश्चय करू नये. मुद्दाम उलट बोलणाराही दुसऱ्याच्याच मतावर चालतो, फक्त तोंड विरुद्ध दिशेला करून. “मला वेगळं वाटतं, कारण…” एवढे शांतपणे आणि शक्यतो चर्चेच्या सुरुवातीलाच बोलावे, कारण चार जण बोलून झाल्यावर तेच वाक्य चौपट जड होते. मत बदलण्याचे कारण ‘सगळे म्हणतात’ एवढेच असेल, तर निर्णयाआधी एक रात्र जाऊ द्यावी. कारण पटण्यासारखे असेल, तर मत खुशाल बदलावे. त्याची लाज वाटण्याचे काहीच कारण नाही.

बाईंनी पुढच्या मुलाखतींच्या वेळी आपले गुण सर्वांत आधी सांगितले. त्यांचा उमेदवार निवडला गेला नाही, पण त्या तरुण सहकाऱ्याने या वेळी आपले वेगळे मत मांडले. नंतरच्या भेटीत मी म्हटले की, माझ्या अंदाजाने अजून तीन भेटी लागतील. त्यांनी ते नीट ऐकून घेतले आणि वहीतले आदल्या दिवशीचे पान माझ्यापुढे धरले. तेथे लिहिले होते, ‘उद्याची भेट शेवटची.’ खाली कारणाची ओळ कोरी होती. “बदललं नाही,” त्या म्हणाल्या आणि वही मिटली.