सूअर्डला जायच्या आधी

अरे, अलास्कात सूअर्डला मासे पकडायला जातोयस तो तुझा मेसेज वाचला, रॉड कुठला घेऊ, रीळ कुठलं, किती पाउंडाची लाइन, हजार प्रश्न. काहीच घेऊ नको. चार्टर बोटीवर, म्हणजे पैसे घेऊन मासे पकडायला नेणाऱ्या बोटीवर, रॉड, गळ, आमिष सगळं त्यांचंच असतं. तू फक्त कोरडा आणि उबदार राहायचं बघ, तेवढं एकच काम तुझ्याकडे आहे, आणि ते वाटतं तितकं सोपं नाही बरं का.

मी पहिल्यांदा रिझरेक्शन बेमध्ये, म्हणजे सूअर्डच्या खाडीत, गेलो तो जीन्स आणि कॉटनचा हुडी घालून. मालवणचा पोरगा, होडीत वाढलेला, मला कोण शिकवणार! ऑगस्ट महिना होता, म्हटलं थंडी कसली. बोट खाडीच्या तोंडाशी आली आणि आडवा पाऊस सुरू झाला, अर्ध्या तासात जीन्स ओल्या गोणपाटासारखी मांडीला चिकटली, बोटं इतकी बधिर की मासा लागला तेव्हा रिळाची मूठ हातात आहे का नाही तेच कळेना. गेला मासा. तेव्हा कॉटन नको म्हणजे नको, आत लोकरीचं, वर फ्लीस, त्यावर रेनकोट आणि रेनपँट दोन्ही.

आणि लाइफ जॅकेट अंगात, सीटखाली नाही. अशा गार पाण्यात पडलं की पहिलं 1 मिनिट श्वास सावरण्यात जातं, मग जेमतेम 10 मिनिटं हातपाय ऐकतात, शुद्ध जायला साधारण 1 तास, याला 1-10-1 म्हणतात. तुला पोहता येतं हे माहितीय मला. त्या 10 मिनिटांनंतर त्याचा काही उपयोग नाही.

बोट लागते का तुला? नसली लागत तरी गोळी निघायच्या आधीच घे, मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी बाहेरच पडते. आलेपाक खिशात ठेव. केबिनमध्ये जाऊन बसू नको, मागे उघड्यावर उभा राहून लांबच्या डोंगरांकडे बघ.

आता मासा. ऑगस्टमध्ये तिथे कोहो जातीचा सालमन, तिकडचे लोक सिल्व्हर म्हणतात, चार-पाच किलोचा म्हणजे चांगला. हेरिंग या छोट्या माशाचं डोकं तिरकं कापून टाकतात आणि उरलेलं धड गळाला असं लावतात की पाण्यात ते गोल गोल फिरत जातं, जखमी मासा फिरावा तसं. कॅप्टन ओरडेल 'पंधरा पुल', म्हणजे रिळातून हाताने पंधरा वेळा लाइन ओढून सोडायची आणि मग सावकाश गुंडाळत वर आणायची. इथेच नवी माणसं फसतात. कोहो बऱ्याचदा आमिष घेऊन वरच येतो त्यामुळे लाइन ताणायच्या ऐवजी एकदम ढिली पडते, आपल्याला वाटतं सुटला, आणि आपण थांबतो. थांबू नको, झटका पण मारू नको, भराभर गुंडाळत राहा, वजन लागेल. बोटीजवळ आला की लोळण घेतो, उड्या मारतो, तेव्हा जाळं डेकहँडकडे, म्हणजे बोटीवरच्या मदतनीसाकडे, तू रॉडचं टोक वर धर आणि मधे मधे करू नको.

मासा वर आला की फोटो एकच. लगेच कल्ले कापून रक्त काढायला सांग आणि बर्फात टाकायला सांग, डेकवर तासभर पडलेला मासा तुझ्या आईने कितीही चांगला मसाला लावला तरी वास मारणार. (आपल्याकडे रावसाला इंडियन सालमन म्हणतात त्याचा या माशाशी काडीचा संबंध नाही, चव शोधत बसू नको.) डेकहँडला टिप दे, खरं काम तोच करतो.

मासेमारीचं लायसन्स अलास्का फिश अँड गेम या तिथल्या सरकारी खात्याच्या साइटवर आधीच काढ, बाहेरून येणाऱ्या 16 वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना लागतं. सिल्व्हर सालमन डर्बी, म्हणजे मोठा मासा पकडायची स्पर्धा, चालू असेल तर तिचं तिकीट गळ टाकायच्या आधी. आमच्या बोटीवरच्या एकाने घेतलं नव्हतं, आणि दिवसातला सगळ्यात मोठा मासा त्यालाच लागला, परत येईपर्यंत गप्प बसला होता बिचारा.

आणि सकाळी कॅप्टन म्हणाला की आज खाडीच्या बाहेर जायचं नाही, तर पैसे भरलेत म्हणून वाद घालू नको. मालवणात तांडेल नाही म्हणाला की माझे काका गुपचूप जाळं खांद्यावर टाकून घरी यायचे.

माझी रेनपँट तुला लांब होईल पण चालेल. शनिवारी येऊन घेऊन जा, लोकरीचे मोजे पण दोन जोड काढून ठेवतो.