मोठ्या साईजची नर्सिंग ब्रा: आत्ता दोनच घे

अगं, आठव्या महिन्यातच सहा-सहा आणून ठेवू नकोस. बाळंतपणानंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसात दूध भरून येतं तेव्हा साईज एकदम वाढते आणि काही आठवड्यांनी जरा उतरते, मी आधीच चार घेतल्या होत्या, त्यातल्या तीन कपाटात पडून राहिल्या. आत्ता दोन मऊ, ताणल्या जाणाऱ्या घे, बाकी नंतर बघू.

खरा घोळ मापात होतो. आकडा बँडचा, म्हणजे छातीखालून पाठीमागे जाणाऱ्या पट्टीचा, आणि डी, डीडी ही अक्षरं कपची. दुकानात ३६ मध्ये मोठा कप नसला की सरळ ४२ हातात देतात, "बसेल ओ ताई". नाही बसत! बँड पाठीवर वर चढतो, सगळं वजन खांद्यावर येतं नि पट्टे रुततात. आधार बँडचा असतो, पट्ट्यांचा नाही. ३६ डीडी नाही मिळाली तर ३८ डी घालून बघ, बँड एक माप वर गेला नि अक्षर एक खाली आलं तरी कप तेवढाच असतो. त्याच्यापुढे जाऊ नकोस.

घेताना एवढं बघ:
- आत्ता सगळ्यात सैल हुकावर बसायला हवी, नंतर फासळ्यांचा घेर कमी झाला की घट्ट करता येते
- तार नको, काचणारी पण नको, दुधाच्या गाठी होऊ शकतात
- क्लिप एका हाताने उघडते ना, दुसऱ्या हातात बाळ असणारे

पैसे वाचवायचे तर नीट बसणाऱ्या जुन्या कॉटनच्या ब्राला शिवणाऱ्या ताईंकडून नर्सिंग क्लिपा लावून घे. आणि तुळशीबागेत जाणार असशील तर सकाळीच जा, संध्याकाळच्या गर्दीत पोट सांभाळू की माप बघू असं होतं.