हवामान बदलामुळे समुद्री कासवांची पिल्लं सगळी मादीच निघतात, हे खरंय का?

सगळी नाही, पण मुद्दा खरा आहे. कासवात नर की मादी हे आपल्यासारखं क्रोमोसोमवर ठरत नाही, वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण 29 डिग्रीच्या आसपास निम्मे नर निम्म्या माद्या, त्याच्या खाली गेलं की नर जास्त आणि वर गेलं की माद्याच माद्या, आणि तेही अंडी उबण्याच्या मधल्या काळातच ठरतं. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तरेकडच्या ग्रीन टर्टलवर 2018 ला रिसर्च आला, तिथल्या लहान कासवांत 99 टक्के माद्या निघाल्या!

आता लोक म्हणतात माद्या जास्त तर अंडी जास्त, बरंच की. काही वर्षं तसं होईलही, कारण एक नर बऱ्याच माद्यांना पुरतो, पण नर फारच कमी झाले तर अंडी फळणारच नाहीत. आणि वाळू 34-35 च्या वर बराच वेळ राहिली तर पिल्लं आतच मरतात, ती गोष्ट मला जास्त सिरियस वाटते.

आपल्याकडे कोकणात वेळासला ऑलिव्ह रिडले जातीची कासवं येतात, तिथे अंडी उचलून कुंपणातल्या हॅचरीत (अंडी उबवायच्या जागेत) पुरतात आणि पिल्लं निघायच्या वेळी वर टोपल्या उपड्या घालतात. अशा हॅचरीवर शेडनेट टाकून सावली केली की वाळू थोडी थंड राहते, स्वस्तातला उपाय आहे. पण उघड्या किनाऱ्यावरच्या घरट्यांना कोण सावली करणार?