चढ चालत चढलं तर ते धावणं धरायचं का?

प्रश्न : ताई, नमस्कार. नोकरीनिमित्त दोन वर्षांपासून जर्मनीत कोलोनला राहतो. ऱ्हाईन नदीच्या काठानं सपाटीवर नेमानं धावतो, हाफ मॅरेथॉन (21 किलोमीटर) दोन तासांच्या आत होते. ऑक्टोबरात झीबेनगेबिर्गेच्या टेकड्यांमधली फेरी करायला गेलो : क्योनिग्सविंटर गावाहून ड्राखेनफेल्स आणि ल्योवेनबुर्ग (दोन्हींवर पडके किल्ले), मग ओलबेर्ग, हाइस्टरबाखचा पडका मठ, पेटर्सबेर्ग आणि परत. अंतर वीसच किलोमीटर, म्हणून निर्धास्त होतो. सगळे चढ धावत चढलो. ओलबेर्गच्या चढाला दोन्ही मांड्यांत गोळे आले. मार्गारेटेनह्योहेच्या खिंडीत उतरून बस पकडली. पुढचे चार दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागत होता. चढ चालत चढलं तर त्याला धावणं म्हणायचं का? आणि किल्ल्यांपाशी थांबलो तर घड्याळ बंद करावं का?

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मला माझी पहिली फेरी आठवली. तेव्हा मी नुकतीच बॉनला राहायला आले होते आणि मीही वीस हा आकडा पाहूनच निघाले होते. त्या आकड्यानं तुमचीही फसगत केली. डोंगरात धावणारे एक साधा हिशेब करतात : दर 100 मीटर चढाला एक किलोमीटर जास्तीचा धरायचा. माझ्या घड्याळात ही फेरी 20 किलोमीटर आणि साधारण 850 मीटर चढाची भरते. म्हणजे अंगावर पडणारा भार 28 किलोमीटरच्या वरचा. तुम्ही तो हाफ मॅरेथॉनच्या तयारीवर आणि हाफ मॅरेथॉनच्या वेगानं उचलायला गेलात. ओलबेर्गच्या पायथ्याला येईपर्यंत चढाचा मोठा वाटा संपलेला असतो, त्यामुळे गोळे तिथेच यावेत यात नवल नाही.

आता चालण्याचं. चढ तीव्र झाला की धावणाऱ्याचा आणि झपझप चालणाऱ्याचा वेग जवळपास सारखाच होतो. धावणाऱ्याचा दम मात्र कितीतरी जास्त खर्ची पडतो. म्हणून मी चालते, आणि त्यात मला कधीच कमीपणा वाटलेला नाही. क्योनिग्सविंटरहून ड्राखेनफेल्सवर जाणारी एक वाट आहे, एझेल्सवेग, म्हणजे गाढववाट. पूर्वी हौशी प्रवाशांना गाढवांवर बसवून वर नेत, त्यावरून हे नाव पडलं. त्या वाटेवर मी पहिल्या पावलापासून हात मांडीवर टेकवून, पावलं आखूड ठेवून चालते. तोंड मिटून नाकानं श्वास घेता येईल एवढाच वेग ठेवते. नाकाचा श्वास पुरेनासा झाला की वेग कमी. बाजूनं कुणी धावत पुढे गेलं तर जाऊ देते. ल्योवेनबुर्गपर्यंत त्यातले बरेचजण पुन्हा भेटतात.

नंतरचे चार दिवस तुमच्या मांड्या दुखल्या त्या मात्र चढानं नाहीत, उतारानं. हे नीट समजून घ्या, कारण तुमचं पुढचं सगळं वेळापत्रक यावर ठरणार आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतो, आणि त्यात त्याच्या तंतूंना बारीक बारीक इजा होतात. दुखणं लगेच येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरून येतं. सपाटीवर कितीही धावलात तरी याची सवय होत नाही. चांगली गोष्ट अशी, की स्नायू लवकर शिकतो. एकदा बेताच्या उतारावर धावलं की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराचं दुखणं बरंच कमी होतं. तेव्हा पुन्हा पूर्ण फेरीला जाण्याआधी दोन महिने, दहा दिवसांतून एकदा, एकट्या पेटर्सबेर्गवर जा. वर चालत, खाली धावत. पहिल्या वेळी एकदाच, मग दोनदा, मग तीनदा. उतरताना पावलं आखूड आणि भरभर पडू द्या, गुडघे किंचित वाकलेले ठेवा आणि नजर चार पावलं पुढे ठेवा. टाच पुढे रोवून स्वतःला अडवत उतरलात तर तोच मार पुन्हा मांड्यांवर बसेल.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथे आणखी एक धोका असतो. बीच नावाच्या झाडांची पानं गळून वाटेवर वीतभर थर साचतो आणि खालची मुळं, दगड दिसेनासे होतात. चार वर्षांपूर्वी ल्योवेनबुर्गवरून उतरताना माझा पाय अशाच ओल्या पानांवरून सटकला आणि मनगट मोडलं. फोन लावला तेव्हा मी नेमकी कुठे आहे हे मला सांगता येईना. समोरच्या माणसानं आसपास पाटी आहे का विचारलं. थोडं खाली चालत गेल्यावर पाटी सापडली, तिच्यावरचा क्रमांक वाचून दाखवला आणि मदत थेट तिथे आली. जर्मनीतल्या जंगलांत या बचाव-ठिकाणांच्या पाट्या असतात, त्यांना रेटुंग्सपुंक्ट म्हणतात. तेव्हापासून जाता जाता प्रत्येक पाटीवरचा आकडा मी मनात म्हणते. मदतीचा 112 हा क्रमांक तुम्हाला ठाऊक असेलच.

घड्याळाविषयी माझं मत पक्कं आहे : बंद करू नका. थांबण्याचा वेळ फेरीतलाच धरा. घड्याळ बंद केलं की थांबणं म्हणजे चोरी वाटायला लागते आणि माणूस किल्ल्यासमोर उभा राहूनही किल्ला पाहत नाही. ड्राखेनफेल्सची उंची 321 मीटर. बाराव्या शतकात कोलोनच्या आर्चबिशपांनी बांधायला घेतलेल्या किल्ल्याचा फुटका मनोरा माथ्यावर उभा आहे. तीस वर्षांच्या युद्धात, 1634 मध्ये, हा किल्ला निकामी केला गेला. उरलेलं काम दगडाच्या खाणींनी केलं. पुढच्या वेळी तिथल्या उघड्या खडकाजवळ दोन मिनिटं थांबा. राखाडी दगडात बोटाच्या पेराएवढे पांढुरके, चपटे स्फटिक रुतलेले दिसतील. ऊन तिरकं असलं की एकेक चमकतो. हाच ट्रॅकाइट दगड ऱ्हाईनमधून तराफ्या-होड्यांनी खाली नेऊन तुमच्या कोलोनचं कॅथीड्रल बांधायला वापरला. 1248 मध्ये त्याची पायाभरणी झाली. कॅथीड्रलच्या जुन्या भागातल्या भिंतीजवळ जाऊन पाहा, तेच स्फटिक तिथे आहेत. मला हे कळलं त्या संध्याकाळी मी मुद्दाम कोलोनला गेले होते, भिंतीवर हात ठेवायला. खाणीमुळे उरलेला मनोराही कोसळेल अशी वेळ आली, तेव्हा 1836 मध्ये प्रशियाच्या सरकारनं माथा विकत घेऊन खाणकाम थांबवलं. आपण आज तिथे उभे राहतो ते त्यामुळे.

वाटेत लागणारा ड्राखेनबुर्ग वाडा जुना वाटतो, पण तो 1882 ते 1884 मध्ये एका धनिक बँकरनं बांधवून घेतला आणि तो स्वतः तिथे कधी राहिलाच नाही. मी तिथे थांबत नाही. ल्योवेनबुर्गवर जोती आणि भिंतींचे तळ एवढंच उरलंय. भिंतींवर चढू नका, दगड सुटतात. ओलबेर्ग 460 मीटर, इथली सर्वांत उंच टेकडी. वर वारा फार असतो आणि घाम अंगावरच गार पडतो, तेव्हा पाणी प्या, काहीतरी खा आणि निघा.

मग हाइस्टरबाख. सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाचे भिक्षू 1189 मध्ये आधी पेटर्सबेर्गवर आले आणि थोड्याच वर्षांत खाली या दरीत उतरले. त्यांचं मोठं चर्च एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगडासाठी विकलं गेलं, पाडलं गेलं. वाचला तो फक्त गाभाऱ्याचा अर्धगोल : बारीक खांब, वर छताचा तुकडा, समोर हिरवळ. एक दंतकथा सांगतात, की इथला एक भिक्षू ईश्वरापाशी हजार वर्षं एका दिवसासारखी कशी, या विचारात जंगलात गेला आणि परतला तेव्हा मठात त्याला ओळखणारं कुणीच उरलं नव्हतं. तीनशे वर्षं उलटली होती. इथे मी बूट काढून गवतावर बसते. दहा मिनिटं तरी. पेटर्सबेर्गचा शेवटचा चढ अजून बाकी असतो आणि त्या दहा मिनिटांनी पायांत बळ परत येतं.

फेरीची दिशा तुम्ही धरलीत तीच ठेवा, फक्त सकाळी लवकर निघा. ड्राखेनफेल्सवर 1883 पासून दातेरी रुळाची रेल्वे चालते आणि ती सुरू झाली की माथ्यावर गर्दी होते. आखलेली वाट सोडू नका. हे संरक्षित जंगल आहे आणि तसा नियमच आहे.

प्रश्न : माझी आई मेमध्ये बॉनला येतेय. तिचे गुडघे दुखतात, पण किल्ला पाहायची तिची फार इच्छा आहे. काय दाखवू?

उत्तर : बॉनहून 66 क्रमांकाच्या ट्रामनं क्योनिग्सविंटरला जा आणि दातेरी रुळाच्या रेल्वेनं ड्राखेनफेल्सवर न्या. वरच्या स्थानकापासून मनोऱ्यापर्यंतचा शेवटचा टप्पा चढाचा आहे. तो जमला नाही तर स्थानकाजवळच्या गच्चीवरूनही ऱ्हाईन आणि तिच्यातलं नोनेनवेर्थ बेट दिसतं. उतरतानाही रेल्वेच घ्या, त्यांच्या गुडघ्यांना उताराचाच त्रास जास्त होईल. हाइस्टरबाख दुसऱ्या दिवशी ठेवा. तिथे चढ नाही आणि मेमध्ये बीचची पालवी अगदी कोवळी असते.