दुखणं अंगावर काढायला लावू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

परवा फोनवर बोलता बोलता तू म्हणालास, "मावशी, डॉक्टरांनी आईच्या दुखण्यावर मॉर्फिन लिहून दिलंय, पण अगदी शेवटी लागेल म्हणून ठेवून दिलंय." त्या वाक्यासाठी हे पत्र. बाकीचं समोरासमोर बोलताच येईल.

ती गोळी आजच सुरू कर. राखून ठेवायचं औषध नव्हे ते. आत्ता दिलं तर पुढे उपयोग होणार नाही, ही भीती मी ठाण्यात घरोघरी पेशंट बघायला जायचे तेव्हा जवळजवळ प्रत्येक घरात ऐकली. दुखणं वाढलं तर डॉक्टरांना डोस वाढवता येतो. दुखण्यासाठी ठरल्याप्रमाणे घेतलेल्या गोळीनं आईला व्यसन लागणार नाही, आणि योग्य डोसनं आयुष्यही कमी होत नाही. दुखणं आटोक्यात आलं की रात्रभर बसून काढणारं माणूस आडवं होतं, झोपतं, सकाळी उठून चहा मागतं. हे मी अनेकदा पाहिलंय.

गोळी घड्याळाप्रमाणे द्यायची, आई कण्हायला लागायची वाट बघायची नाही. साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० अशा वेळा असतात. रात्री दोनला उठवावं लागू नये म्हणून बरेच डॉक्टर दहाचा डोस दुप्पट लिहून देतात. चिठ्ठीवर तसं लिहिलं असेल तरच दे, आपल्या मनानं नाही. मध्येच कळ आली तर जादा डोस किती द्यायचा, तेही विचारून घे. एक वही कर. वेळ, किती दिली, दुखणं दहापैकी किती, आणि शौचाला झाली का. हा शेवटचा रकाना विसरू नकोस. मॉर्फिननं पोट घट्ट होतंच, म्हणून शौचाचं औषध पहिल्या दिवसापासून बरोबर हवं. सुरुवातीचे दोन-तीन दिवस गुंगी येईल, मळमळेल, मग कमी होतं. पण हाक मारूनही जागी होत नसेल किंवा श्वास फार संथ झाला, तर लगेच डॉक्टरांना फोन.

गोळ्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतील असं धरून चालू नकोस. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं त्या मिळणं फार अवघड करून ठेवलं होतं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना त्या ठेवणं सोपं झालं, तरी सगळीकडे मिळत नाहीत. तुमचा केस पेपर खारघरच्या ॲक्ट्रेकचा, म्हणजे टाटाच्या कॅन्सर केंद्राचा आहे, तिथंच विचार. आठवड्याच्या गोळ्या उरल्या की निघायचं. पावसाळ्यात हार्बर लाइनचा भरवसा नाही, आणि सणाच्या सुट्ट्यांत ओपीडी बंद असते. घरात गोळ्या कुलपात ठेव, लहान मुलं आहेत.

आता जेवणाचं. गावाकडची माणसं येणार आणि "खाल्लं नाही तर ताकद कुठून येणार?" म्हणत चमचा पुढे करणार. तू मध्ये उभा राहा. या टप्प्यात भूक मरते, दिलेलं अंगी लागत नाही, आणि जबरदस्तीनं भरवलेलं श्वासनलिकेत जाऊ शकतं. आईनं मागितलं तर दोन चमचे पेज, घोटभर सोलकढी. नको म्हणाली तर नको. तोंड मात्र कोरडं पडू देऊ नकोस. स्वच्छ मऊ फडकं ओलं करून जीभ, हिरड्या पुसायच्या, ओठांना तूप लावायचं. ज्यांना काहीतरी करायचंच आहे, त्या आत्याबाईंना हे काम दे.

आईनं "मला काय झालंय?" असं सरळ विचारलं तर खोटं बोलू नकोस. बहुतेक वेळा माणसाला कळलेलं असतं, घरातल्यांचे चेहरे सांभाळत ते गप्प बसतं. कशाची काळजी वाटते ते तिला विचार. व्हेंटिलेटर, आयसीयू हवं की घरीच राहायचंय, हेही आत्ताच विचार. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अशी इच्छा आधी लिहून ठेवायला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा आहे.

घरीच ठेवायचं ठरलं तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना आतापासून बोलावून आईला दाखव, फाइल वाचायला दे. घरी मृत्यू झाला की कारणाचा दाखला डॉक्टरच देतात, आणि आधी न बघितलेला डॉक्टर सही करायला कचरतो. मग दुःखाच्या वेळी धावाधाव होते. नोंदणी २१ दिवसांत करायची असते. हे लिहिताना मला जड जातंय, तुला वाचताना किती जाईल ते कळतं, पण त्या दिवशी तुला सुचणार नाही.

तुझ्या झोपेचं बघ. रात्रीसाठी नर्सिंग ब्युरोची बाई परवडत नसेल तर दादाला आठवड्यातल्या दोन रात्री नेमून दे. त्यानं पैसे पाठवले म्हणजे त्याची वाटणी संपत नाही, हे त्याला मी सांगते.

रविवारी ट्रान्स हार्बरला मेगाब्लॉक असू शकतो, म्हणून मी शनिवारीच ऐरोलीला येते. एक जुनी सुती चादर आणि दोन जादा उशा काढून ठेव. अंगाला ओढ न बसता दर दोन तासांनी कुशीवर कसं वळवायचं, ते तुला आणि वहिनीला करून दाखवते. दादालाही थांबायला सांग.

तुझी,
मावशी