आमिस पुरुषांचा पोशाख: दर्जा, हुद्दा की बॅच?

प्रश्न असा होता की तैवानच्या आमिस लोकांवरच्या मजकुराचं मराठी करताना पुरुषांच्या सणाच्या कपड्यांवरून जी 'रँक' कळते तिला दर्जा म्हणावं का हुद्दा, आणि डोक्यावरच्या पिसांना शिरपेच चालेल का.

माझं मत, दर्जा नको. दर्जा म्हटलं की आपल्या डोक्यात लगेच वरचे-खालचे, घराणं, जात असलं सगळं येतं आणि इथे मामला मुख्यतः वयाचा आहे. आमिस हा तैवानमधला सगळ्यात मोठा आदिवासी समाज, दोन लाखांच्या वर, वस्ती पूर्व किनाऱ्याला ह्वालिएन-ताइतुंगकडे. परंपरेने घर आणि जमीन बायकांकडून पुढे जायची, नवरा बायकोच्या घरी राहायला जायचा, म्हणजे आपल्या भाषेत सरळ घरजावई, फक्त त्यात कमीपणा काही नाही. मग पुरुषाची गावातली जागा ठरते कुठे, तर त्याच्या वयाच्या गटात. ठरावीक वर्षांनी पोरांचा नवा गट बनतो (दुलान गावात दर 5 वर्षांनी), त्याला नाव मिळतं, काही गावांत जुनीच नावं फिरून येतात तर काही गावांत त्या काळच्या एखाद्या घटनेवरून नवीन ठेवतात, आणि तो अख्खा गट आयुष्यभर एकत्र वर सरकत राहतो. म्हणून 'वयोगट' लिहा, पण खरं सांगू का, 'आमची ब्याण्णवची बॅच' मधला बॅच हाच शब्द मला सगळ्यात जवळचा वाटतो!

सगळ्यात खाली पाकारोंगाय, म्हणजे निरोप पोचवणारी, पडेल ते काम करणारी पोरं. तरुणांवर देखरेख करणारे ते 'मामा नो कापाह', आणि इथे घोळ घालू नका हां, आमिसमध्ये मामा म्हणजे बाप, त्यामुळे अर्थ होतो 'तरुणांचे बाप'. आपल्या मामाला तिकडे फाकी म्हणतात आणि बहिणीकडच्या घरात त्याचा शब्द चालतो.

आता कपडे. इलिसिन हा उन्हाळ्यातला, जुलै-ऑगस्टचा मोठा सण, तेव्हा कोणत्या गटाने काय घालायचं ते ज्या त्या गावाचं ठरलेलं असतं, रंगसुद्धा बदलतात, त्यामुळे एका गावचा फोटो बघून 'आमिस पुरुष असं घालतात' असं सरसकट लिहू नका. शिरपेच तर अजिबात नको, तो राजेशाही पगडीवरचा दागिना. एकच पीस खोचलेलं असेल तर तुरा, डोकंभर असतील तर पिसांचा टोप. कमरेच्या कपड्याला लुंगी म्हणाल तर वाचक हसेल, स्कर्ट लिहा, कळतं सगळ्यांना.

राहिली खांद्यावरची विणलेली पिशवी, आलुफो. तिला झोळी म्हणू नका, झोळी म्हटली की भिक्षा आली. यात पुरुष सुपारी वगैरे ठेवतात, आणि सणात एखाद्या मुलीला मुलगा आवडला तर ती त्याच्या आलुफोत सुपारी टाकते, म्हणून मूळ शब्दच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्थ सांगून टाका.